वाट मोडते कशी आणि पुन्हा मळते कशी

तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही चौघं घाटमाथ्यावरच्या केळद गावाच्या बाजूनं एका जुन्या घाटानं महाडच्या अंगाला उतरायला निघालात. फोनमध्ये कुणीतरी पूर्वी चालून नोंदवलेल्या वाटेची रेघ होती आणि दगडांवर पांढरे बाण होते. पदरात, म्हणजे कड्यांमधल्या सपाट पट्ट्यात, पोचल्यावर बाण संपले, रेघ सरळ कड्यावरून गेलेली दिसायला लागली, आणि कारवीच्या दाट झुडपांत तीन तास झुंजून शेवटी रात्र तिथेच काढावी लागली. सकाळी गुरं शोधत आलेल्या एका मामांनी तुम्हाला खाली गावात पोचवलं. आता तुमचे तीन प्रश्न आहेत. या वाटांवर परदेशातल्यासारख्या धड खुणा का नाहीत? आपण स्वतः रंगाचा डबा घेऊन बाण मारले तर चालेल का? आणि तोवर वाट ओळखायची कशी?

अंधार पडल्यावर जागचे हलला नाहीत, हे फार चांगलं केलंत. सह्याद्रीत चुकलेली माणसं सहसा चुकल्यामुळे दगावत नाहीत. चुकल्यावर 'खाली दिवे दिसतायत, सरळ उतरू' म्हणत रात्री एखाद्या ओढ्यात घुसतात, आणि तो ओढा कड्याच्या टोकाला जाऊन संपतो. तिथे घात होतो. तुम्ही तो मोह टाळलात.

मी सव्वीस वर्षं या भागात फिरतोय. त्यातली बरीचशी लोकांना घाटवाटांनी वर-खाली नेण्यात गेली आणि गेली काही वर्षं मोडलेल्या वाटा गावकऱ्यांबरोबर पुन्हा उघडण्यात. त्या अनुभवावरून सांगतो: आपल्या घाटवाटा खुणांअभावी मोडलेल्या नाहीत. पाय पडायचे थांबले म्हणून त्या मोडल्या. आधी हे पटलं, तरच खुणा कुठे आणि कशा करायच्या हे ठरवता येतं.

या वाटा कुणी हौशी चालणाऱ्यांसाठी आखलेल्या नव्हत्या. कोकण आणि देश यांच्यामध्ये उभी भिंत आहे, आणि त्या भिंतीतून माल न्यायचा तर जिथे फट सापडली तिथून वाट निघाली. जुन्नरजवळचा नाणेघाट सातवाहनांच्या काळात वाहता होता. घाटमाथ्यावरच्या गुहेत राणी नागनिकेचा लेख आहे आणि बाहेर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तिथून रेल्वे चढली, आणि मोठा माल पायवाटांवरून उठला. तरी लहान घाट पुढची शंभरेक वर्षं जगले, कारण मीठ आणि सुकी मासळी वर जात होती, वरून कडधान्य खाली येत होतं, माथ्यावरची लेक खालच्या गावात दिलेली असायची, आणि तालुक्याचा बाजार घाटाच्या पलीकडे असायचा. मग एकेका गावात एसटी आली. ज्या दिवशी एसटी आली, त्या दिवसापासून त्या गावामागचा घाट मोडायला लागला असं समजा.

व्यापारापेक्षाही जास्त वाटा मळल्या होत्या त्या लाकूडफाट्यानं आणि गुरांनी. बायका मोळीसाठी रोज रानात जायच्या, गुराखी पोरं पदरात गुरं न्यायची. घरात गॅस आला, पोरं मुंबई-पुण्याला गेली, गोठ्यात पाच गुरांच्या जागी एक म्हैस उरली. बाईच्या डोक्यावरची मोळी उतरली, याचा मला आनंदच आहे. पण त्या पायांनी राखलेली वाट आता कुणीच राखत नाही, हेही खरं. मागे एका आजींना मी त्यांच्या घरामागच्या घाटाची वाट विचारली, तर म्हणाल्या, "वाट व्हती बाबा. म्या म्हायेराला त्याच वाटंनं जायाची. आता कोन जातंय तिकडं?" त्यांना वाटेवरचा प्रत्येक विसावा आठवत होता, गुडघ्यांमुळे जाता मात्र येत नव्हतं. घरातल्या नातवाला वाट माहीत नव्हती. बहुतेक घाटवाटांची स्थिती आज अशीच आहे, आणि माझ्या मते खरी घाई इथे आहे. दगडावरचा रंग केव्हाही मारता येईल, आजींना मात्र आत्ताच विचारायला हवं.

त्यात पावसाची भर. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली ते सगळ्यांना आठवतं. त्याच पावसात महाड-पोलादपूरच्या डोंगरांवर असंख्य लहान दरडी सुटल्या आणि अनेक वाटांचे तुकडेच्या तुकडे खाली गेले. त्यांची बातमी झाली नाही. फोनमधली रेघ त्याआधीची असेल, तर ती आज अस्तित्वात नसलेल्या जमिनीवरून तुम्हाला नेते.

तुमची रेघ कड्यावरून का गेली, त्याचं आणखीही एक कारण आहे. उभ्या कातळाच्या कुशीत उपग्रहाचे संकेत भिंतीवर आपटून फोनपर्यंत येतात आणि जागा दहा-वीस मीटर इकडेतिकडे दाखवली जाते. मोकळ्या माळावर तेवढ्यानं काही बिघडत नाही. नाळेच्या, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीच्या, तोंडाशी तेवढी चूक म्हणजे वाट आणि दरी यांच्यातला फरक. कागदी नकाशाही डोळे झाकून वापरू नका. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटर उंचीच्या अंतरानं असतात, म्हणजे पंधरा मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपून बसतो. त्यावरची पायवाटेची तुटक रेघ मात्र मोलाची आहे. त्या काळी तिथून लोक जात होते, एवढं ती नक्की सांगते.

आता वाट ओळखण्याकडे येतो. यावर सविस्तर लिहितो, कारण पुढच्या वेळी तुमच्या उपयोगी सर्वात जास्त हेच पडेल.

सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे. कठीण थर कडे होऊन उभे राहिले, मऊ थर झिजून त्यांच्या मध्ये आडवे सपाट पट्टे राहिले, त्यांनाच आपण पदर म्हणतो. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक घाटवाटेची रचना एकसारखी असते. खालच्या गावातून एखादी सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत आलेली धार, धरून चढायचं, पदरात यायचं, पदरातून आडवं चालत एखाद्या नाळेच्या किंवा खिंडीच्या तोंडाशी जायचं, आणि तिथून शेवटचा कडा फोडून माथा गाठायचा. सोंडेवर चुकणं अवघड, नाळेत तर चुकायला जागाच नसते. माणूस चुकतो तो पदरात. तिथे जमीन सपाट, रान दाट, दहा दिशांना जाता येतं, आणि कड्यातली फट मात्र एकच. तुम्हीही पदरातच चुकलात. म्हणून पदरात शिरण्याआधी, वर मोकळ्यावर असतानाच, थांबून खालची सोंड कोणती, तिच्या डोक्यावर कोणतं झाड किंवा कोणता कातळ आहे, हे डोळ्यांत साठवून घ्यायचं. पदरात उतरलात की ती दिसत नाही. खालून चढताना नाळेचं तोंड तसंच आधी हेरून ठेवायचं.

मग ढोरवाट आणि माणसाची वाट यांतला फरक. ढोरवाटा एकट्या नसतात, उतारावर एकीखाली एक अशा समांतर चार-पाच जातात, आणि गवतात किंवा पाणवठ्याशी विरून जातात. वाकल्याशिवाय जाता येत नाही इतक्या खाली आलेल्या फांद्या वाटेवर सारख्या आडव्या येत असतील, तर ती गुरांची किंवा रानडुकरांची वाट आहे. माणसाच्या वाटेवर, वापर थांबून वर्षं झाली तरी, खांद्याच्या उंचीवर कोयत्यानं तोडलेल्या फांद्यांचे जुने खुंट दिसतात. त्यांच्या कडा भरून आलेल्या असतात, पण घाव तिरका आणि एकाच फटक्याचा असतो. मोळीची वाट असेल तर डोक्याच्याही वर हातभर रान मोकळं केलेलं सापडतं, कारण मोळी अडायला नको. ही वाट गावाकडे नक्की नेते, घाटाकडे नेईलच असं नाही. पण चुकलेल्या माणसाला गाव मिळालं तरी पुरे.

घाटाची म्हणून जी मुख्य वाट असते, तिच्या खुणा जास्त जुन्या असतात. वळणाच्या खालच्या बाजूला रचलेले दगड, कातळात खोदलेल्या दोन-चार पायऱ्या, पाण्याचं टाकं, चढ संपतो तिथे शेंदूर फासलेला देव. वाघजाई किंवा तिच्यासारखी एखादी देवी घाटाच्या तोंडाशी असतेच. पूर्वी तिला नमस्कार केल्याशिवाय कुणी घाट उतरत नसे, त्यामुळे देव सापडला की वाट सापडली. हे दगड मी कधीच हलवू देत नाही, शेजारी रंगही लावू देत नाही.

ऋतूचा फरक मोठा असतो. तुम्ही ऑक्टोबरात गेलात, तेव्हा गवत कमरेला आणि कारवी डोक्याच्या वर असते, आणि कारवीच्या रानात दोन हातांपलीकडचं दिसत नाही. तीच वाट जानेवारीत गवत वाळून आडवं झाल्यावर दुपटीनं ठळक होते. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं, आणि तेही वाटाड्याशिवाय, डिसेंबरच्या आधी कोणत्याही अनोळखी घाटात उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शक्य असेल तर पहिल्यांदा चढावं. चढताना चुकलात तर आल्या वाटेनं परतता येतं. उतरताना चुकलात तर थकलेल्या पायांनी पुन्हा वर चढावं लागतं, आणि ते कुणाला नको असतं, म्हणून माणूस खालीच ढकलत राहतो.

आता बाणांचं. तुमची तळमळ कळते, पण रंगाचा डबा घेऊन जाऊ नका. एका नाळेत मी स्वतः बाण पाहत बारा जणांना घेऊन उतरलो होतो. बाण ताजे, मोठे, एकामागोमाग एक होते. चाळीस मिनिटांनी ते आम्हाला साठ-सत्तर फुटांच्या धबधब्याच्या माथ्यावर घेऊन आले. तिथे कातळात बोल्ट ठोकलेले दिसले तेव्हा उमगलं की ते दोर लावून उतरणाऱ्या कुठल्यातरी गटाचे बाण होते. त्यांच्या दृष्टीनं ते अगदी बरोबर होते, आम्हाला मात्र ते दरीच्या टोकाशी घेऊन आले. बाण कुणाचा, कशासाठी, कधीचा, हे बाण सांगत नाही. शिवाय तो एकाच दिशेनं जाणाऱ्याला दिसतो. ओढ्यातल्या दगडावर मारला तर पावसाळ्यात दगड गडगडतो आणि बाण उलट्या दिशेला तोंड करून पडतो. पांढरा रंग पुसट झाला की तो आणि दगडफूल पाच पावलांवरून सारखंच दिसतं. शर्यतींनंतर झाडांना राहून गेलेल्या फिती आणखी वाईट. त्या गुरांच्या पोटात जातात.

कायद्याची बाजूही पाहा. भीमाशंकर आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं आहेत, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय अशी कामं करता येत नाहीत. राखीव वनातही वनरक्षकाला न विचारता फांदीसुद्धा तोडू नये. आणि केंद्राच्या संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्यावर रंग मारला तर १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हेतू चांगला होता हे तिथे चालत नाही, आणि चालूही नये.

मग खुणा करायच्याच नाहीत का? करायच्या, पण जिथे लागतात तिथे. आपल्याकडे खुणा आणि रेलिंग अवघड जागी लावतात, आणि माणसं चुकतात सोप्या जागी. हरिश्चंद्रगडाची खिरेश्वरकडची वाट घ्या. टोलार खिंडीवरच्या कातळटप्प्यावर लोखंडी रेलिंग आहेत, तिथे कुणी वाट चुकत नाही. तो टप्पा संपून पठारावर आलं आणि धुकं उतरलं की एकामागोमाग येणाऱ्या टेकड्यांमध्ये लोक भरकटतात. अशा पठारावर दगडांच्या लगोऱ्या हव्यात, गुडघ्याइतक्या तरी उंच, आणि एकीपाशी उभं राहिलं की पुढची दिसेल इतक्या अंतरावर. लगोर दोन्ही दिशांनी सारखीच दिसते, तिला रंग लागत नाही, आणि चुकीची निघाली तर मोडता येते. एक अडचण मात्र आहे. देवस्थानांजवळ लोक घर व्हावं म्हणून दगडावर दगड रचून नवस बोलतात, आणि त्या राशी वाटेच्या खुणा वाटतात. म्हणून देवळाच्या आसपास लगोर रचायची नाही, गावात जाऊन विचारायचं.

याहून महत्त्वाचं काम म्हणजे चुकीची वाट बंद करणं. जिथे फाटा फुटतो तिथे नको असलेल्या वाटेवर दोन-तीन मोठे धोंडे आडवे टाकले आणि करवंदीच्या काट्या रोवल्या, की बाणाची गरजच उरत नाही. गुराखी हेच करत आलेत. आडवी टाकलेली फांदी म्हणजे 'इकडे नाही', हे घाटात कुणालाही कळतं.

परदेशी वाटांशी तुलना तुम्ही केली आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९७९ साली लोकांनी मतदान करून पायवाटांना राज्यघटनेत जागा दिली, आणि तिथल्या सुमारे ६५,००० किलोमीटर वाटांची देखरेख करणं ही प्रांतांची जबाबदारी झाली. म्हणजे तिथे खुणेमागे उत्तर द्यायला कुणीतरी आहे. आपल्याकडे पायवाट अगदीच बेवारस आहे असं नाही. गावनकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेघेनं आणि पाऊलवाट तुटक एकेरी रेघेनं दाखवलेली असते. एखाद्या फार्महाऊसनं किंवा प्लॉटवाल्यानं तार ओढून शेताकडे किंवा चराईकडे जायची वहिवाट अडवली, तर शेतकऱ्याला मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, आणि ते गावातल्या माणसालाच जावं लागतं, आपण ट्रेकर म्हणून जाऊन भागत नाही. घाटाचं तोंड असं तारेत गेलेलं मी पाहिलंय. गावात तेव्हा त्या वाटेची कुणाला गरज उरली नव्हती, म्हणून कुणी तक्रार केली नाही. मुदत उलटून गेली.

म्हणून तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर सुरुवात गावापासून करा. तुम्हाला खाली नेलं त्या मामांकडेच परत जा. त्यांच्याबरोबर वाट एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली चाला, आणि प्रत्येक जागेचं गावातलं नाव लिहून घ्या. विसावा, टाकं, अमक्याचा माळ, तमक्याची धार. ही नावं वाटेइतकीच मोलाची आहेत. मदतीसाठी फोन करायची वेळ आली तर गावातल्या माणसाला 'अमुक धारेखाली आहे' एवढं सांगितलं तरी तो नेमका तिथे पोचतो. मग ग्रामपंचायत आणि संयुक्त वन व्यवस्थापन समिती यांना भेटा, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना काय करणार ते लेखी कळवा. भातकापणी उरकेपर्यंत थांबा, त्याआधी गावात कुणालाच सवड नसते. काम करणाऱ्यांना मजुरी द्या. श्रमदान आपण करावं. त्यांचा तो दिवसाचा रोजगार आहे.

हत्यारं फार लागत नाहीत. दोन कोयते, एक पहार, एक टिकाव, दोन घमेली. रान फक्त माणूस जाईल इतकंच मोकळं करायचं, झाड तोडायचं नाही. वेळ जास्त द्यायचा तो पाण्याला. वाट मोडते ती बहुतेक वेळा पाणी तिच्यावरूनच धावतं म्हणून. दर पंधरा-वीस पावलांवर वाटेत तिरपा दगड बसवून पाणी दरीच्या बाजूला काढून दिलं, तर पुढच्या पावसात वाट टिकते. मी सुरुवातीची दोन वर्षं नुसतं रान तोडत होतो आणि दर दिवाळीनंतर तेच काम पुन्हा करत होतो. एका धनगर बाबांनी ते पाहून तिरपे दगड बसवायला शिकवलं.

गावात, वाट सुरू होते तिथे, एक फलक पुरतो. त्यावर किलोमीटर लिहू नका, तास लिहा, चढायला किती आणि उतरायला किती. शेवटचं पाणी कुठे आणि ते कोणत्या महिन्यापर्यंत मिळतं. वाटाड्या हवा असेल तर गावात कुठे विचारायचं. संकटात ११२. आणि फलक कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी लावला ते.

महाडच्या बाजूच्या ज्या एका नाळेत आम्ही सहा वर्षं जातोय, तिथे पहिल्या वर्षी अकरा जणांना दीड किलोमीटर उघडायला दोन दिवस लागले. गेल्या वर्षी पाच जणांनी ते एका सकाळीत केलं, कारण मधल्या काळात खालच्या वाडीतली दोन पोरं वाटाडे म्हणून लोकांना नेऊ लागली आहेत आणि वर्षभर त्या वाटेवर पाय पडतायत. पदरातला एक घसारा मात्र दर पावसात सुटतो. तिथे वाट वीसेक हात वर घेऊन जुन्या आंब्याखालून काढता येईल असं तिथल्या एका मामांचं म्हणणं आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ते करून पाहणार आहोत. तुम्ही चौघं आलात तर पहार धरायला माणसं लागतीलच.